बेरीज आणि प्रमाण : आम्लांच्या गणिताची कथा

शेतातल्या मातीचा नमुना तपासून आला, की त्या कागदावर 'सामू' नावाचा एक आकडा असतो. तो सातच्या खाली असला तर जमीन आम्लधर्मी, वर असला तर अल्कधर्मी, एवढे आता पुष्कळांना ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात यालाच पीएच म्हणतात. श्रोतेहो, हा आकडा कोठून आला आणि त्यामागच्या गणिताने एकदा माणसांचे प्राण कसे वाचवले, ती हकीकत आज सांगायची आहे.

प्रारंभ नॉर्वेत झाला. गुल्डबर्ग हे गणिती आणि वागे हे रसायनशास्त्रज्ञ. दोघे एकमेकांचे मेहुणे. रासायनिक क्रिया एकाच दिशेने चालत नाही, हा विचार त्यांनी १८६४ साली नियमात बांधायला घेतला. दोन पदार्थांपासून तिसरा तयार होत असतो, आणि त्याच वेळी तो मोडून पुन्हा पहिले दोन होत असतात. आठवडी बाजारात जितकी माणसे आत येतात तितकीच बाहेर पडू लागली, तर गर्दी तेवढीच दिसते. पण माणसे काही थांबलेली नसतात. यालाच समतोल म्हणायचे. अशा समतोलात पदार्थांच्या प्रमाणांचा ठरावीक रीतीने गुणाकार-भागाकार केला, तर तापमान कायम असेतो उत्तर एकच येते. तो समतोल स्थिरांक. निबंध नॉर्वेजियन भाषेत होता, म्हणून बाहेर फारसा कोणी वाचला नाही.

पुढे १८८४ साली स्वीडनमध्ये अऱ्हेनिअस नावाच्या तरुणाने विद्रावांतून वीज कशी वाहते यावर प्रबंध लिहिला. परीक्षकांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केले! १८८७ साली त्याने स्पष्टच सांगितले, की पाण्यात आम्लाचे रेणू फुटून विद्युत्भारित कण होतात. याच कामासाठी १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन विचारांची सांगड ऑस्टवाल्डने १८८८ साली घातली. व्हिनेगरमधले असेटिक आम्ल घ्या. लिटरभर विद्रावात ते ६ ग्रॅम असले, तर हजार रेणूंपैकी अवघे १३ फुटलेले असतात. विद्राव दसपट पातळ केला, तर हजारांत सुमारे ४२ फुटतात. आकडे बदलले खरे. पण फुटून झालेल्या दोन्ही तुकड्यांच्या प्रमाणांचा गुणाकार करून त्याला न फुटलेल्या आम्लाच्या प्रमाणाने भागा. दोन्ही वेळा उत्तर ०.००००१८ च्या आसपास येते. हा त्या आम्लाचा स्थिरांक. तो एकदा माहीत झाला, की कितीही पातळ विद्राव असो, आम्लता कागदावर काढता येते.

असली लांबलचक दशांशे लिहिणे त्रासाचे. म्हणून कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली पीएचचे सुटसुटीत माप काढले. तिकडे अमेरिकेत हेंडरसन यांनी १९०८ मध्ये हेच गणित रक्ताला लावले होते. डेन्मार्कच्या हॅसेलबाल्च यांनी पुढे त्याला पीएचचे रूप दिले. रक्तात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण २० ला १ असते, म्हणून रक्ताचा पीएच ७.४ राहतो.

आता १९५२ सालचे कोपनहेगन. पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास बंद पडू लागलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. मरणापूर्वी त्यांच्या रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड फार वाढलेला आढळे. बायकार्बोनेट वाढून रक्त अल्कधर्मी झाले, असा डॉक्टरांनी अर्थ लावला. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने मात्र उलट सांगितले : रोग्याला उच्छ्वास जमत नाही, म्हणून वायू आत कोंडला आहे आणि रक्त आम्लधर्मी झाले आहे.

दोन अर्थ निघाले कसे? उदाहरणादाखल एकूण ४० माप धरू. त्यात ३८.७ बायकार्बोनेट आणि १.३ विरघळलेला वायू असेल, तर प्रमाण ३० ला १; पीएच सुमारे ७.६, रक्त अल्कधर्मी. पण ३६ आणि ४ अशी वाटणी असेल, तर प्रमाण ९ ला १, पीएच ७.०५, म्हणजे प्राणावर बेतलेली आम्लता. बेरीज दोन्हीकडे चाळीसच! रुग्णालय बेरीज मोजत होते. रोग्याचे जगणे-मरणे प्रमाणावर होते.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्यात आली आणि इब्सेनने रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. कोंडलेला वायू उतरला आणि मुलगी त्या संकटातून वाचली. ॲस्ट्रप यांच्या प्रयोगशाळेत रक्ताचा पीएच प्रत्यक्ष मोजला, तेव्हा आम्लताच ठरली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया तेथे घातला गेला.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते : आम्लाचे उदाहरण फळ्यावर घालताना सूत्रात आकडे भरण्याची घाई नको. कशाला कशाने भागायचे आणि का, हे मुलांना आधी विचारावे. कोपनहेगनमध्ये आकडा चुकला नव्हता. त्याचा अर्थ चुकला होता.