सैल दोराची विद्या

1956 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, न्यू हॉलंड गावच्या घोडेबाजारात हॅरी द लेयर पोहोचला तेव्हा लिलाव उरकला होता. मूळचा हॉलंडचा हा गृहस्थ लाँग आयलंडवरच्या मुलींच्या शाळेत घोडेस्वारी शिकवायचा आणि शाळेसाठी एखादं स्वस्तातलं, स्वभावाने गरीब जनावर शोधत होता. आता उरले होते ते कोणी न घेतलेले घोडे, खाटिकखान्याच्या ट्रकमध्ये चढवलेले. त्यातल्या एका करड्या घोड्याच्या छातीवर जोताने घासल्याच्या खुणा होत्या. द लेयरने तो 80 डॉलरला उतरवून घेतला. द लेयरच्या मुलांनी त्याचं नाव ठेवलं स्नोमॅन.

शाळेतल्या मुलींना पाठीवर घेऊन तो शांतपणे फिरायचा. पुढे द लेयरने त्याला एका शेजाऱ्याला विकलं, तर हा कुंपण ओलांडून परत आला. कुंपण उंच केलं, तरी परत आला. द लेयरने त्याला पुन्हा विकत घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली, तेव्हा जमिनीलगत ठेवलेल्या दांड्यांवरून जातानाही तो अडखळायचा. अडथळे उंच होत गेले तशी त्याची उडी खुलली. 1958 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या राष्ट्रीय अश्वप्रदर्शनात उडीच्या खुल्या गटाचं अजिंक्यपद त्याने मिळवलं आणि 1959 साली पुन्हा. घरी मात्र द लेयरची मुलं त्याच्या पाठीवर रांगेने बसून पाण्यात डुंबत.

स्नोमॅनची गोष्ट अमेरिकेत घरोघरी पोहोचली ती त्या 80 डॉलरमुळे. घोडे शिकवणाऱ्यांनी मात्र त्या कुंपणाकडे पाहावं. पाठीवर स्वार नसताना, मागे चाबूक नसताना, घराची ओढ एवढ्याच कारणासाठी तो घोडा उडी मारत होता. घोड्याला आपणहून करावंसं वाटेल अशा रीतीने शिकवायची एक जुनी परंपरा आहे. ती अनेकदा हरवली, अनेकदा सापडली. आज जगभर तिला नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात आणि तिच्यात धड्यांना खेळ म्हणायची पद्धत आहे.

या परंपरेचा आद्य ग्रंथकार म्हणून अथेन्सच्या झेनोफोनचं नाव घेतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने घोडेस्वारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, तो एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये, ती वस्तू त्याला हळूहळू जवळून पाहू द्यावी, हा त्यातला सल्ला आजही जसाच्या तसा चालतो. खंदक ओलांडायला शिकवताना माणसाने आधी स्वतः उडी मारावी, हातातला दोर सैल ठेवावा आणि मग घोड्याला बोलवावं, असंही तो सांगतो. पण नाहीच आला, तर मागे उभ्या माणसाने फटका द्यावा आणि तो सणसणीत द्यावा, हेही त्याच ग्रंथात आहे. झेनोफोनचे गोडवे गाताना हा भाग बऱ्याचदा गाळला जातो. तो गाळू नये, कारण प्रेमळ म्हणवणाऱ्या पद्धतीत जबरदस्ती कुठे लपून बसते हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही.

घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे नाकासमोरचा आणि शेपटीमागचा छोटा पट्टा सोडला तर जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं. संकटाला त्याचं पहिलं उत्तर म्हणजे पळणं. कातडी इतकी हळवी की एखादी माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवून तो तिला उडवतो. अशा जनावराला बोटाचा दाब पुरतो. आणि शिकवण्याचं खरं मर्म दाबात नसतंच. घोड्याने बरोबर दिशेला पाऊल टाकायचा नुसता विचार केला, त्याच क्षणी दाब काढून घेतला, तर त्याला कळतं की हेच हवं होतं. दोर सैल पडणं हीच त्याची शाबासकी. हा क्षण ज्याला पकडता येतो तो घोड्याला काहीही शिकवू शकतो आणि ज्याचा तो हुकतो तो चुकीच्या गोष्टीला शाबासकी देऊन बसतो.

एकोणिसाव्या शतकात या विद्येला बाजारात उभं केलं ओहायोच्या जॉन सॉलोमन रॅरीने. 1858 साली तो इंग्लंडमध्ये आला तेव्हा लॉर्ड डॉर्चेस्टरचा क्रूझर नावाचा घोडा माणसांवर धावून जाण्यासाठी कुप्रसिद्ध होता. लोखंडी मुसकी घालूनच त्याला ठेवावं लागे. रॅरी त्याच्यासोबत तबेल्यात गेला आणि सुमारे तीन तासांत तो घोडा त्याने हाताशी आणला. राणी व्हिक्टोरियासमोर त्याचे प्रयोग झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला झेब्राही त्याने शिकवून दाखवला. त्याच्या कार्यक्रमांना गर्दी लोटली, त्याच्या पुस्तिकेच्या प्रतींवर प्रती खपल्या.

रॅरी करायचा काय? घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून पट्ट्याने बांधायचा आणि दुसऱ्या पट्ट्याने दुसरा पायही वर ओढून घ्यायचा. घोडा धडपडून, थकून अखेर आडवा होई. मग रॅरी त्याच्याजवळ बसे, सगळ्या अंगावरून हात फिरवी, खोगीर आणि ढोल त्याला हुंगायला देई, पट्टे सोडून त्याला उठवी. या दुसऱ्या अर्ध्या भागात खरी समज होती. नवी वस्तू घोड्याला नाकाने तपासू द्यावी, हे रॅरीने अतिशय नेमकं लिहून ठेवलं आहे. पण पहिला अर्धा भाग म्हणजे पळण्याचा एकमेव मार्ग बंद करून जनावराला हार मानायला लावणं होतं. चाबूक न उगारता केलं म्हणून ते मायेचं ठरत नाही. पुढे क्रूझर रॅरीबरोबर ओहायोला गेला आणि रॅरी 1866 साली वारल्यावरही काही वर्षं जगला.

घोड्याच्या करामतींचं दुसरं घर म्हणजे सर्कस. सैन्यातून बाहेर पडलेल्या फिलिप ॲस्टलीने 1768 साली लंडनमध्ये गोल रिंगणातले घोड्यांचे खेळ सुरू केले. घोडा एकसारख्या वेगाने वर्तुळात धावला की त्याच्या पाठीवर उभ्या स्वाराला तोल सांभाळणं सोपं जातं. पुढे या रिंगणाचा व्यास 42 फुटांवर स्थिरावला आणि जगभरच्या सर्कशींनी तोच स्वीकारला. आपल्याकडची सर्कसही घोड्यावर बसूनच आली. सांगली परिसरातले विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांच्या पागेचं काम पाहत. मुंबईत ज्युसेप्पे कियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ त्यांनी पाहिले. हिंदुस्थानी माणसाला असली सर्कस उभारणं जमणार नाही, असं कियारिनी म्हणाला आणि छत्र्यांनी ते मनावर घेतलं, अशी आख्यायिका आहे. 20 मार्च 1880 रोजी त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला. या सर्कशीबरोबर ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक रहिमतखाँही हिंडत, कारण छत्रे जितके घोड्यांचे तितकेच गाण्याचे वेडे होते. केरळातल्या तलश्शेरीला कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी छत्र्यांची गाठ पडली आणि तिथून केरळची सर्कसपरंपरा उभी राहिली. महाराष्ट्राने नाटक-सिनेमाचा इतिहास जपला तसा घोडा शिकवणाऱ्या या माणसाचा जपायला हवा होता.

1904 साली दोन घोड्यांनी जगाला विचारात पाडलं. सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ब्यूटिफुल जिम की अक्षरं ओळखून शब्द जुळवत होता. त्याचा गुरू विल्यम की हा टेनेसीचा, गुलामगिरीत जन्मलेला, स्वतःच्या हिमतीवर पशुवैद्य झालेला माणूस. जिम शिंगरू असताना मरतुकडा होता. कीने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि चाबकाला हात न लावता शिकवलं. तो घोडा पाहून हजारो मुलांनी प्राण्यांशी दयेने वागण्याची लेखी प्रतिज्ञा केली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याची तपासणी करायला एक समिती बसली. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या शिक्षकाने गाजर आणि पाव देऊन शिकवलेला हान्स गणिताची उत्तरं टाप आपटून द्यायचा. समितीला लबाडी सापडली नाही. उलगडा 1907 साली ऑस्कर फुंग्स्टने केला. टापांची संख्या उत्तरापाशी आली की विचारणाऱ्याचं डोकं त्याच्या नकळत किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं तर हान्सही चुकायचा. लोकांनी निष्कर्ष काढला की घोडा हुशार नव्हता. खरं तर माणसाच्या अंगावरची इतकी बारीक खूण वाचणं ही गणिताहून मोठी हुशारी आहे आणि घोड्याच्या सगळ्या करामती तिच्यावरच उभ्या आहेत.

उडीच्या बाबतीत क्रांती केली ती इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्याने. त्याच्याआधी स्वार उडीच्या वेळी मागे रेलायचा, पाय पुढे ताणायचा आणि लगाम खेचून धरायचा. घोड्याच्या तोंडाला हिसका, पाठीला दणका. काप्रिल्लीने स्वाराविना मोकळ्या सोडलेल्या घोड्यांच्या उड्या निरखल्या. झेप घेताना घोडा मान पुढे लांबवतो आणि पाठीची कमान करतो, मग स्वाराने त्याला अडवायचं कशासाठी? त्याने रिकिबी आखूड केल्या, अंग पुढे झुकवलं आणि हात घोड्याच्या तोंडामागे जाऊ दिले. 1902 साली तोरिनोत मेलोपो नावाच्या घोड्यावरून त्याने 2.08 मीटरची उडी घेतली. पिनेरोलोच्या घोडदळ शाळेत देशोदेशींचे अधिकारी हे शिकायला येऊ लागले. काप्रिल्ली 1907 साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, घोड्यावरून पडून गेला. आज जगातला उडीचा प्रत्येक स्वार त्याच्याच पद्धतीने बसतो. 1949 साली चिलीत कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल याने उआसो या घोड्यावरून 2.47 मीटर उंची पार केली. तो विक्रम अजून अबाधित आहे, आणि उआसो हा शर्यतीत नाव न काढलेला घोडा होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्यांनी पुन्हा वर काढली. तिथे कोवळ्या घोड्याला 'मोडायची' रीत होती. तो उधळून उधळून थकेपर्यंत पाठीवर टिकायचं. ओरेगॉनच्या टॉम डोरन्सने (1910–2003) आयुष्यभर याच्या उलट काम केलं. घोड्याला काय वाटतंय, हे पाहून मग काय सांगायचं ते तो ठरवायचा. त्याचा शिष्य रे हंट गावोगाव शिबिरं घेत फिरला. घोड्याने करू नये ते अवघड आणि करावं ते सोपं करून ठेवा, हे त्याचं सूत्र.

त्याला खेळाचं रूप दिलं पॅट पॅरेलीने. तरुणपणी रोडिओत उधळत्या घोड्यांवर बसणारा हा माणूस. कळपात घोडे एकमेकांना ढकलतात, हाकतात, मागे सरकवतात, त्यातून कोण कोणाचं ऐकणार ते ठरतं, हे पाहून त्याने 7 खेळ बांधले. पहिला मैत्रीचा. हात, दोर, काठी सगळं अंगावरून फिरवायचं, घोडा निवांत होईपर्यंत. दुसऱ्याला त्याने साळिंदराचं नाव दिलं. बोट आधी केसांवर, मग कातडीवर, मग स्नायूवर, शेवटी हाडापर्यंत दाबायचं आणि घोडा सरकताच सोडायचं. थोड्या दिवसांत केसांवरचा स्पर्शच पुरतो. मग न शिवता हाकणं, सरळ रेषेत मागे पाठवून परत बोलावणं, कावा देणं, आडवं चालवणं. सातवा खेळ फटीचा आणि उडीचं बीज त्याच्यात आहे. अरुंद जागेला घोडा स्वभावतःच भितो. माणूस कुंपणापासून लांब उभा राहून घोड्याला मधून जायला सांगतो. पलीकडे गेला की विसावा. अंतर हळूहळू कमी होतं. पुढे त्याच फटीत एक पिंप आडवं ठेवलं जातं. घोडा थबकतो, हुंगतो, पुढच्या पायाने खरवडतो. इथे घाई करणारा सगळं घालवतो. पुरेसा वेळ मिळाला की तो आपणच उडी मारतो, कान पुढे ठेवून. मग फळीवर पुढचे पाय ठेवणं, मान वाकवून नमस्कार करणं, बसणं या करामती त्याच वाटेने येतात. 2006 साली ओहायोतल्या स्पर्धेत स्टेसी वेस्टफॉल हिने खोगीर नाही, लगाम नाही, अशा काळ्या घोडीवरून भरधाव वळणं आणि सरकते थांबे दाखवले, तेव्हा प्रेक्षागृह उभं राहिलं.

तरीही शंका विचारल्याच पाहिजेत. गोल कुंपणात घोड्याला पळवायचं आणि त्याने मान खाली घातली की पाठ फिरवायची, मग तो मागे मागे येतो. याला काहीजण घोड्याच्या भाषेतला करार म्हणतात. सिडनी विद्यापीठात संशोधकांनी माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार वापरली आणि घोडे त्या मोटारीच्याही मागे गेले. दाब आणि सुटका यांचा तो परिणाम होता. याने खेळ खोटे ठरत नाहीत, पण खेळाच्या नावाखाली दोर फटकावत राहणं हा खेळ नव्हे हे उघड होतं. ज्यातून बाहेर पडायची मुभा नाही, ते घोड्याच्या लेखी कामच असतं. म्हणूनच आज अनेक शिक्षक क्लिकरचा टकटक आवाज आणि गाजराचा तुकडा वापरून, दोर पूर्ण काढून शिकवतात. कंटाळा आला तर घोडा निघून जाऊ शकतो. तो गेला नाही, तर धडा जमला.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातून घोडे येतात, आणि वाद्यांच्या तालावर नाचणाऱ्या मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांना मोठी किंमत मिळते. तिथे जाणाऱ्यांनी नाचणाऱ्या पायांबरोबर कान, डोळे, शेपूट आणि तोंडातली लगामाची कडीही पाहावी. कान मागे दाबलेले, शेपूट सतत झटकलेली, तोंड उघडं पडलेलं दिसलं तर चाबुकस्वाराला दोर सैल सोडून तोच नाच दाखवायला सांगावं. सैल दोरावर नाचणारा घोडा सापडला, तर त्याच्या मालकाइतकंच तो शिकवणाऱ्यालाही बक्षीस द्यावं.