सूड कुठे थांबतो?

होमरचे 'इलियड' हे ट्रॉयच्या युद्धाचे महाकाव्य म्हणून आपल्याला माहीत असते. पण त्यात युद्धाची सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. तो प्रसिद्ध लाकडी घोडा त्यात नाही, ट्रॉय जळाल्याचे वर्णन नाही. दहा वर्षांच्या युद्धातले काही आठवडे, एवढाच त्याचा पट. २४ सर्ग आणि १५ हजारांहून अधिक ओळी यांतून कवी सांगतो ती एका माणसाच्या रागाची गोष्ट. मूळ ग्रीकमध्ये काव्याचा पहिला शब्दच 'क्रोध' हा आहे. मला ग्रीक येत नाही. बी.ए.ला असल्यापासून मी हे काव्य भाषांतरांतूनच वाचत आलो. पण दर वाचनात एकच प्रश्न माझ्यासमोर उभा राहतो : हा राग, हा सूड, थांबतो कुठे?

हे काव्य साधारणपणे ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारास आकाराला आले असे मानले जाते. त्यातली द्वंद्वयुद्धे बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. द्वंद्वयुद्ध आणि सूड या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. द्वंद्वाला नियम असतात, साक्षीदार असतात, शपथ असते.

तिसऱ्या सर्गात हेलनचा नवरा मेनेलाउस आणि तिला घेऊन गेलेला पॅरिस समोरासमोर येतात. दोघांनीच लढावे, जिंकेल त्याची हेलन, बाकीच्यांनी घरी जावे, असा करार होतो. बळी दिले जातात, शपथा घेतल्या जातात. पॅरिसचा भाऊ हेक्टर आणि ग्रीकांचा ओडिसियस मिळून जमीन मोजतात. पहिला भाला कोणी फेकायचा यासाठी शिरस्त्राणात चिठ्ठ्यांसारखे खडे घालून हलवतात. पण पॅरिस हरतोय असे दिसताच देवी अॅफ्रोडायटी त्याला उचलून नेते आणि पुढे एका ट्रोजन धनुर्धराच्या बाणाने करार मोडतो.

सातव्या सर्गात हेक्टर ग्रीकांना आव्हान देतो. त्याची अट पाहा : जिंकणाऱ्याने हरलेल्याची शस्त्रे खुशाल न्यावीत, पण प्रेत मात्र त्याच्या माणसांना परत द्यावे. त्याच्यासमोर अजॅक्स उभा राहतो. दोघे लढतात, अंधार पडतो, दोन्ही बाजूंचे दूत मध्ये पडतात. मग हेक्टर आपली चांदीच्या खिळ्यांची तलवार अजॅक्सला देतो आणि अजॅक्स आपला जांभळा कमरपट्टा हेक्टरला. एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन वीर भेटी देऊन निरोप घेतात.

सुडाला मात्र यातले काही ठाऊक नसते. अकिलीसचा पहिला राग आपल्याच सेनापतीवर, अगॅमेम्नॉनवर होता. पण जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मारला जातो आणि तो राग दिशा बदलतो. बाविसाव्या सर्गात ट्रॉयच्या तटाबाहेर दोघे गाठ घेतात. हेक्टर पुन्हा तीच अट मांडतो : कोणीही जिंको, प्रेताची विटंबना नको. अकिलीस ती धुडकावतो. सिंह आणि माणूस यांच्यात जसा करार होत नाही तसा आपल्यातही होणार नाही, असे तो सांगतो. जगात ज्या शब्दावर वैरीही विसंबत होते, तो शब्दच इथे संपतो. हेक्टर मरतो. अकिलीस त्याच्या पायांना भोके पाडून चामड्याचे पट्टे ओवतो, प्रेत रथाला बांधून फरपटत नेतो. पुढे तो पॅट्रोक्लसच्या चितेवर १२ ट्रोजन तरुणांचा वध करतो. तरी राग शमत नाही. रात्री झोप येत नाही. पहाटे उठून तो पुन्हा ते प्रेत मित्राच्या समाधीभोवती फरपटत फिरवतो. सूड घेऊन झाला, तरी दुःख जिथल्या तिथे.

त्या समाजाला सूड थांबवायची वाट माहीत नव्हती असे नाही. नवव्या सर्गात रुसलेल्या अकिलीसला समजावताना अजॅक्सच सांगतो, की लोक भावाच्या, मुलाच्या खुन्याकडूनही भरपाई घेतात आणि राग आवरतात. अठराव्या सर्गात अकिलीससाठी घडवलेल्या ढालीवर असाच एक खटला कोरलेला आहे. चौकात रक्ताच्या भरपाईवरून दोघे भांडत आहेत आणि वडीलधारे निवाडा देत आहेत. म्हणजे अकिलीस छातीसमोर धरून लढतो त्या ढालीवरच तो नाकारत असलेला मार्ग कोरलेला होता! आपण मराठीत ज्याला 'खून' म्हणतो, त्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ 'रक्त'. त्या रक्ताच्या किमतीला फारसीत 'खूँबहा' म्हणतात. किंमत ठरवून वैर मिटवण्याची ही रीत अनेक समाजांत होती.

शेवटच्या सर्गात म्हातारा राजा प्रायम, हेक्टरचा बाप, रात्री खंडणी घेऊन शत्रूच्या छावणीत येतो. ज्या हातांनी आपली मुले मारली, त्याच हातांचे तो चुंबन घेतो आणि म्हणतो, तुझा बाप आठव. अकिलीसला आपला दूर राहिलेला म्हातारा बाप आठवतो. दोघे रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. देवांनी प्रेत परत करण्याची आज्ञा आधीच दिली होती, हे खरे. पण रडण्याची आज्ञा कोणी दिली नव्हती. मग अकिलीस प्रेत धुवायला सांगतो, तेही प्रायमच्या नजरेआड. बापाने ते पाहून संताप केला, तर आपला राग पुन्हा उसळेल, अशी त्याला भीती वाटते. काव्यात प्रथमच तो स्वतःच्या रागावर पहारा ठेवतो. पुढे दोघे एकत्र जेवतात, आणि हेक्टरच्या अंत्यविधीसाठी ११ दिवस लढाई थांबते.

इतिहासातही पुढे ही वाट दिसते. अथेन्समध्ये ख्रिस्तपूर्व ६२१ च्या सुमारास ड्रेकॉनने मनुष्यवधाचा कायदा केला. तो ख्रिस्तपूर्व ४०९–४०८ मध्ये पुन्हा शिळेवर कोरला गेला. त्यातला जो भाग वाचता येतो, त्यात मुद्दाम न केलेल्या हत्येसंबंधी एक नियम आहे. मृताचे वडील, भाऊ, मुलगे सगळे राजी असतील, तर समेट होऊ शकतो. एकाचाही विरोध असेल, तर नाही. कठोरपणासाठी ज्याचे नाव आजही घेतले जाते, त्या ड्रेकॉनच्या कायद्यातही क्षमेला जागा होती. पण ती जागा मृताच्या माणसांच्या हातात होती.

'इलियड'ची शेवटची ओळ ग्रीकांच्या विजयावर संपत नाही. ती संपते हेक्टरच्या, म्हणजे शत्रूच्या, अंत्यसंस्कारावर. युद्ध पुढे चालूच राहणार आहे, अकिलीसही लवकरच मरणार आहे, हे कवीला ठाऊक आहे आणि श्रोत्यांनाही. त्याने तरीही शेवटासाठी हीच जागा निवडली. मला वाटते, एक कवी म्हणून त्याने दिलेला हाच निवाडा आहे. शत्रूला सन्मानाने मूठमाती मिळाली, की मगच गोष्ट पुरी होते.