मिक्सरचा रोटरी स्विच

रोटरी स्विच (फिरता खटका) हा घरगुती मिक्सरमधील मोटर चालू-बंद करणारा व तिची गती बदलणारा भाग होय. तो निकामी झाल्यास संपूर्ण यंत्र टाकून देण्याची गरज नसते. यंत्राच्या किमतीच्या तुलनेत अल्प खर्चात केवळ स्विच बदलता येतो.

रचना व कार्य

मिक्सरमध्ये सामान्यतः युनिव्हर्सल मोटर असते. तिच्या फील्ड कॉइलमधून निरनिराळ्या टप्प्यांवर तारा बाहेर काढलेल्या असतात. मूठ १, २ किंवा ३ या स्थानावर फिरवली असता स्विच त्यांपैकी एक तार वीजपुरवठ्याशी जोडतो. कॉइलचे वापरात असलेले वेढे कमी झाले की मोटरची गती वाढते.

बिघाड व निदान

संपर्कबिंदू विलग होताना ठिणगी पडते. त्यामुळे ते कालांतराने जळतात व त्यांवर काजळी साचते. भांड्यातून झिरपलेले पाणी व सैल झालेली स्प्रिंग ही इतर कारणे होत. एखादीच गती बंद पडणे हे स्विच बिघडल्याचे लक्षण असू शकते. मिक्सर पूर्ण बंद असल्यास प्रथम तळाशी असलेले ओव्हरलोडचे बटण यंत्र थंड झाल्यावर दाबून पाहतात. मूठ नुसतीच फिरत असल्यास बहुधा मूठच तुटलेली असते. प्लग काढून व तारा सोडवून मल्टिमीटरने स्विचची सलगता तपासता येते.

बदलण्याची पद्धत

१. प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. केवळ भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नसते. वायरिंगमध्ये फेज व न्यूट्रल उलट जोडलेले असल्यास बटण बंद असतानाही यंत्रात विद्युतदाब राहतो.
२. तळ उघडून तारांचे रंग व जागा यांचे छायाचित्र घ्यावे.
३. जुना स्विच दुकानात नेऊन तेवढ्याच अग्रांचा, तसाच दांडा असलेला आणि व्होल्ट व अँपिअर क्षमतेत कमी नसलेला स्विच घ्यावा.
४. एकेक तार स्थलांतरित करावी. जोड उघडे ठेवू नयेत. अर्थिंगची तार असल्यास ती पूर्ववत जोडावी.
५. तळ बंद केल्यानंतरच रिकाम्या यंत्रावर प्रत्येक गती तपासावी.

सुरक्षितता

स्विच वगळून तारा थेट जोडल्यास प्लग लावताच पाती फिरू लागतात व इजा होऊ शकते. तारा वितळलेल्या असल्यास किंवा मोटरला जळका वास येत असल्यास दुरुस्ती तंत्रज्ञाकडे सोपवणे इष्ट ठरते. हमीच्या मुदतीत यंत्र स्वतः उघडल्यास हमी रद्द होऊ शकते.