अनोवा

अनोवा : घानाच्या लेखिका अमा आटा आयडू (१९४२–२०२३) यांचे इंग्रजी नाटक, प्रकाशन १९७०. कथानक आईकडून ऐकलेल्या गोष्टीवर आधारलेले. काळ १८७० चे दशक, स्थळ तेव्हाचा गोल्ड कोस्ट (आजचा घाना). इंग्रजांशी झालेल्या १८४४ च्या कराराचा उल्लेख सुरुवातीलाच येतो.

यबी गावची अनोवा आईचा विरोध झुगारून कोफी आकोशी लग्न करते. कातडी वाहून किनाऱ्यावर विकण्याचा धंदा दोघे मिळून उभा करतात. बरकत येताच कोफी राबायला माणसे विकत घेतो आणि अनोवाशी त्याचे बिनसते ते इथेच. विकत घेतलेल्या माणसांच्या कष्टावर जगायला ती शेवटपर्यंत तयार होत नाही.

नाटकाचे मर्म तिच्या बालपणीच्या आठवणीत आहे. किनाऱ्यावरची ती प्रचंड घरे (गोऱ्यांचे गुलाम ठेवण्याचे किल्ले) कोणी बांधली, कशासाठी बांधली, असे ती आजीला खोदून खोदून विचारते. आजी तिला गप्प बसवते. त्या रात्री स्वप्नात अनोवाच्या देहातून बायका, पुरुष, पोरे बाहेर लोटतात; उकळत्या समुद्रातून आलेले शेवंडांच्या डोक्याचे जीव त्यांना धरून फाडतात, जमिनीवर आपटतात. घाना स्वतंत्र होऊन तेरा वर्षे झाली असताना, गुलामांच्या व्यापारातल्या स्वकीयांच्या वाट्याबद्दल समाजाने धरलेले मौन आयडूंनी असे उघडे केले. त्याला मोठे धैर्य लागते.

नाटकाच्या तिसऱ्या टप्प्यात (अंकात) ओगुआ (केप कोस्ट) येथील कोफीचा वाडा दिसतो. भिंतीवर राणी व्हिक्टोरियाची तसबीर. मालक येण्याआधी हवा गार व्हावी म्हणून दोन जुळी गुलाम मुले रिकाम्या खुर्चीला वारा घालत उभी असतात. साम्राज्याची नक्कल घरात किती खोल शिरली होती, हे दाखवायला एवढे दृश्य पुरते. मूल नसल्याचा दोष अनोवावर येतो आणि कोफी तिला घर सोडायला सांगतो. ती सर्वांसमोर त्याच्या नपुंसकत्वाचा उच्चार करते. तो गोळी झाडून घेतो, ती पाण्यात जीव देते. दोष कोणाचा, यावर निवेदन करणाऱ्या म्हातारा-म्हातारीचे अखेरपर्यंत एकमत होत नाही.

आयडूंचे पहिले नाटक ‘द डायलेमा ऑफ अ घोस्ट’ (१९६५) गुलामांच्या वंशातली अमेरिकन सून घानातल्या घरात आल्यावर काय होते ते सांगते. अभ्यासकांनी दोन्ही नाटके जोडीने वाचावीत.