बर्फाच्या देशातली पेटी, पावसाच्या आगरात

गुहागरच्या नारळी-पोफळीच्या आगरात आषाढाच्या धारेत मधपेटी उघडू नये, मागून उचलून बघावी. मागच्या कडेखाली बोटं घालून ती जराशी वर करायची. जड लागली तर आत शिदोरी आहे. हलकी लागली तर त्याच संध्याकाळी साखरेचा पाक द्यायचा. पोलंडमधला किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडचा मधपाळ हेच जानेवारीत करतो, बर्फात उभा राहून. दोघांच्या हातातली पेटीही एकाच घराण्यातली आहे.

ते घराणं मुळात थंडीतलं. युरोपीय मधमाशी हिवाळाभर झोपत नाही. हजारो माश्या पोळ्यावर घट्ट गोळा होऊन बसतात, उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात आणि त्यासाठी साठवलेला मध जाळतात. थंड प्रदेशात एका वसाहतीला हिवाळा काढायला 20 किलोंहून जास्त मध लागतो. जुन्या काळी तिकडे गवताच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या ठेवत. टोपलीतलं पोळं आतल्या भिंतींना चिकटलेलं, त्यामुळे ते मोडल्याशिवाय मध निघत नसे. शरद ऋतूत सगळ्यांत जड टोपल्या मधासाठी गंधकाच्या धुराने मारत आणि सगळ्यांत हलक्याही मारत, कारण त्यांतल्या माश्या हिवाळा काढणार नाहीत हे ठरलेलंच असे.

या हत्येतून सुटका केली ती लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने. 1851 मध्ये फिलाडेल्फियात त्याच्या ध्यानात आलं की पोळ्याची चौकट आणि पेटीची भिंत यांत सुमारे पाऊण-एक सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर माश्या ते येण्याजाण्यासाठी मोकळं सोडतात. अंतर कमी पडलं तर त्या फट राळेने बुजवतात, जास्त झालं तर मध्ये नवं पोळं बांधतात. एवढ्या एका मापामुळे प्रत्येक चौकट सुटी उचलता आली. 1852 मध्ये त्याला पेटंट मिळालं. 1857 मध्ये जर्मनीत मेहरिंगने मेणाचे षट्‌कोनी ठशांचे पत्रे काढले आणि 1865 मध्ये ह्रुश्काने पोळं न मोडता गरगर फिरवून मध काढायचं यंत्र दाखवलं. माश्या जिवंत, पोळं शाबूत, मध वेगळा. आजच्या पेटीचं सगळं मर्म या तीन गोष्टींत आलं.

कोकणात तोवर काय चाललं होतं? आग्यामाशीचं पोळं उंच झाडावर किंवा कड्यावर, फुलोरीचं हाताएवढं पोळं झुडपाच्या फांदीवर. दोन्ही उघड्यावर, दोन्ही पेटीत न राहणारी. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, दगडी गडग्याच्या पोकळीत एकापुढे एक समांतर पोळी बांधते. अंधारात राहायची तिला सवय, म्हणून पाळायला तीच योग्य. पण पूर्वी तिचं पोळं काढायचं म्हणजे धूर द्यायचा, हात घालून पोळी ओढायची आणि अंडी-अळ्यांसकट पिळायची. आपल्याकडे गंधक नव्हता एवढंच. वसाहत जायची ती जायचीच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये इंग्रजांनी पाळीव मधमाशीचे प्रयत्न करून पाहिले, पण परदेशी मापाची पेटी सातेरीला फार मोठी. तिची वसाहत लहान, अंगही लहान. 1910 च्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन या जेझुइट धर्मगुरूंनी तिच्या मापाची छोटी पेटी तयार केली. पुढे सातेरीच्या पेट्या देशभर पसरल्या, त्यांत न्यूटन पेटीचा वाटा फार मोठा. माशीला पेटीजोगं करायच्या भानगडीत न पडता त्यांनी पेटी माशीजोगी केली. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते हेच पाऊल.

1928 मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने मधमाशीपालन हा खेड्यातला जोडधंदा म्हणून सुचवला. 1934 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्यानेही तो हाती घेतला. महाराष्ट्रात त्याचं खरं मूळ रुजलं ते 1946 मध्ये महाबळेश्वरात. आजचं मध संचालनालय तिथलंच. 1962 मध्ये पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. जांभूळ, हिरडा, गेळा आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी ही त्या डोंगराची दौलत.

महाबळेश्वर ते गुहागर हे अंतर सरळ रेषेत 70 किलोमीटरांच्या आसपास, पण वेळापत्रक निराळं. किनाऱ्यावर माशीला थंडीची भीतीच नाही. मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे जेव्हा थंड देशांतल्या माश्या गोळा होऊन बसलेल्या असतात, तेव्हा इथे काजू आणि आंबा मोहरायला लागतात. मागून करवंद, जांभूळ. नारळाचं तर बारमाही: महिन्या-सव्वा महिन्याला नवी पोय फुटते. उंच जातीच्या माडात पोयीतली नरफुलं आधी उमलून झडतात, मादीफुलं नंतर तयार होतात. म्हणून दुसऱ्या माडाचा पराग कुणीतरी आणावा लागतो. सातेरी तो आणते. आगरातल्या पेटीचा हिशेब नुसत्या मधाच्या बाटल्यांवर मांडणाऱ्याला तिचा निम्मा धंदा कळलेलाच नाही, असं माझं मत आहे.

दुष्काळ येतो तो मृगापासून. तरणा पाऊस, मग म्हातारा पाऊस, दिवसच्या दिवस झड. फुलं असली तरी पराग भिजलेला, मकरंद धुपलेला, आणि माशीला बाहेर पडायला उघडीपच नाही. थंडीतली माशी ऊब टिकवण्यासाठी मध खाते, इथली नुसती तग धरण्यासाठी. शिवाय सातेरीचा स्वभाव मानी. उपास पडू लागले, मेणकिडा लागला, मुंग्या चढल्या, की ती राणीसकट पेटी सोडून निघून जाते. युरोपीय माशी असं सहसा करत नाही. म्हणून त्या देशांतली पुस्तकं वाचून इथे पेटी ठेवणारा श्रावणात रिकाम्या पेटीसमोर उभा राहतो.

पाक देण्याची रीत साधी आहे, पण चुकली की महाग पडते. साखर आणि पाणी समभाग, उकळून थंड केलेलं. करवंटीत ओतून वर गवताच्या चार काड्या टाकायच्या, म्हणजे माश्या त्यांवर बसून पितात, बुडत नाहीत. करवंटी ठेवायची पेटीच्या आत आणि तीही दिवेलागणीला. दिवसा दिला किंवा बाहेर थेंब सांडला, तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी वसाहत मारली जाते. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. पावसात पालापाचोळा पडून त्यावरून पूल तयार होतो, तेव्हा वाट्या रोज बघाव्या लागतात. वर चुडताचं झाप. तळफळीवर मेणाचा भुगा दिसला की मेणकिडा आला समजायचं आणि माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्यायची.

अशा दिवसांत उघडीप मिळाली तर दाराशी थोडं थांबून बघावं. वारा घालणारी सातेरी डोकं बाहेर आणि शेपूट दाराकडे करून पंख हलवते, म्हणजे बाहेरची हवा आत ढकलते. युरोपीय माशी नेमकी उलटी उभी राहून आतली हवा बाहेर खेचते. शिवाय सातेरी राळ गोळा करत नाही. त्यामुळे तिच्या चौकटी सहज निघतात, पण फटीही तशाच राहतात. सुताराचं काम कच्चं असेल तर त्या माशी बुजवून देणार नाही.

माणसाने आणलेलं संकटही आहे. मोहरावरच्या तुडतुड्यांसाठी आंब्यावर फवारणी होते ती ऐन फुलोऱ्यात झाली, तर त्या कलमांवर गेलेल्या माश्या परत येत नाहीत. शेजारच्या बागेशी बोलून फवारणी मोहर उमलण्याआधी किंवा संध्याकाळी उशिरा करून घेणं, हे इथल्या मधपाळाचं पेटी साफ करण्याइतकंच नित्याचं काम असायला हवं. आजाराचाही धाक आहे. 1991 नंतर थाई सॅकब्रूड या विषाणूने केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती अळीच्या अवस्थेतच संपवल्या. परगावच्या पेट्या आगरात आणताना हे विसरून चालत नाही.

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत पेट्यांना 50 टक्के अनुदान मिळतं, प्रशिक्षणही मिळतं. नव्या माणसाने पेटी घ्यावी ती दसऱ्यानंतर, हस्ताचा पाऊस सरल्यावर, म्हणजे मोहरापर्यंत वसाहत भरते. सातेरीची एक पेटी वर्षाला पाचसहा किलो देते, चांगल्या साली दहाच्या घरात जाते. वैशाखात शेवटचा मध काढताना वरच्या कोठीतल्या झाकण घातलेल्या चौकटीच घ्याव्यात, कारण उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि आंबतो. खालच्या, पिल्लांच्या कोठीतल्या मधाला हात लावू नये. तो मृगापासून हस्तापर्यंतचा आहे.