दोरीची शिस्त



छपराखालीं उभारलेल्या कृत्रिम कड्यांवर चढण्याचा खेळ आतां आपल्या मोठ्या शहरांतील मुलांनाही परिचित झाला आहे. उंच उभ्या भिंती, त्यांवर बसविलेल्या रंगीबेरंगी खुंट्या, खालीं जाड गाद्या आणि दारापाशीं नियमांची एक पाटी, असें त्या जागेचें रूप असतें. भिंतीकडे सर्वांचें लक्ष जातें. पाटीकडे फारसें कोणाचें जात नाहीं. परंतु त्या पाटीला इतिहास आहे, आणि तो भिंतीच्या इतिहासाहून पुष्कळ जुना आहे. तोच आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न हें शिखर १४ जुलै १८६५ रोजीं प्रथम सर झालें. एडवर्ड व्हिंपर व त्याचे सोबती मिळून सात असामी एकाच दोरानें बांधलेले होते. उतरतांना हॅडो नांवाच्या नवख्या तरुणाचा पाय घसरला व तो खालच्या वाटाड्यावर, मिशेल क्रोवर, आदळला. त्या दोघांच्या भारानें हडसन व डग्लस हेही ओढले गेले. वरच्या तिघांनीं पाय रोवून धरले. परंतु मधला दोर तुटला आणि चौघेजण हजारों फूट खालीं कोसळले. त्यांच्याजवळ याहून मजबूत दोर होते. वापरला गेला होता तो नेमका सर्वांत कमजोर! त्या दोराचा तुकडा झेरमाट येथील संग्रहालयांत ठेविलेला आहे. साधन आधीं तपासावें आणि मग चढावें, हा पाटीवरील पहिला नियम त्या तुकड्याची आठवण देतो.

त्यानंतर कित्येक वर्षें गिर्यारोहकांचें एक सूत्र होतें : पुढें चढणाऱ्यानें पडावयाचेंच नाहीं. कारण तागाचे दोर फारसे ताणले जात नसत. पडणाऱ्याचा झटका बसला कीं दोर तरी तुटे किंवा धरणारा तरी उखडला जाई. १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें रिचर्ड लेनर्ड व त्याच्या मित्रांनीं ह्या सूत्राचा निराळा विचार केला. लहानशा खडकांवर ते मुद्दाम पडत आणि खालच्यानें दोर कमरेभोंवतीं घेऊन, थोडा सरकूं देत, हळूहळू कसा थांबवावा याचा सराव करीत. एकदम अडविण्यापेक्षां क्रमानें अडविलें असतां झटका सौम्य होतो, हें त्यांनीं अनुभवानें ठरविलें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नायलॉनचे दोर आले. ते ताणले जात असल्यानें झटक्याचा मोठा भाग स्वतःच गिळीत. १९५३ साली जर्मनींतील एडेलरिड कंपनीनें आंत धाग्यांचा गाभा व बाहेर विणलेलें आवरण असा दोर काढला. त्याच जातीचा दोर आज सर्वत्र दिसतो.

आतां भिंतीकडे वळूं. १९६४ साली इंग्लंडांत लीड्स विद्यापीठांतील शारीरिक शिक्षणाचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनीं एका बोळाच्या भिंतींत दगडाचे तुकडे बसवून सरावाची सोय केली. १९८७ साली अमेरिकेंत सिॲटल येथें पैसे भरून चढण्याची पहिली व्यापारी भिंत उघडली. पुढें हा खेळ इतका वाढला कीं, २०२० चें म्हणून २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकांत त्याला प्रथमच स्थान मिळालें.

दोर सुधारला, भिंत सोयीची झाली, उपकरणेंही आलीं. १९९१ साली फ्रान्सच्या पेत्झल कंपनीनें 'ग्रिग्री' नांवाचें साधन काढलें. दोर जोरानें ओढला गेला कीं तें त्याला आंत चिमटून धरण्यास साहाय्य करतें. तरीही, दोर रोखणारा हात कधींही सोडूं नये, अशी ताकीद त्याच्यासोबतही असतेच. कारण यंत्र मनुष्याच्या हाताला मदत करतें. त्याच्या अवधानाची जागा घेत नाहीं.

याची साक्ष एका थोर चढणारीच्या अपघातानें दिली आहे. अमेरिकेची लिन हिल ही त्या काळीं जगांतील अग्रगण्य स्पर्धक होती. १९८९ साली फ्रान्समधील ब्यूक्स येथें एका सोप्या चढणीवर जातांना तिनें दोर कंबरपट्ट्यांतून ओवला, पण गांठ पुरी करण्याचें राहून गेलें. वर पोंचून ती दोरावर विसंबून मागें झुकली आणि सुमारें सत्तर फूट खालीं आली. झाडाच्या फांद्यांनीं वेग मोडला म्हणून प्राण वांचले. चार वर्षांनीं, १९९३ साली, तिनेंच एल् कॅपिटन कड्यावरील 'नोज' ही वाट केवळ हातापायांच्या बळावर प्रथम सर केली. तिला कौशल्य कमी नव्हतें. एका क्षणीं लक्ष दुसरीकडे गेलें, एवढेंच.

म्हणून पाटीवरील सर्वांत मोलाचा नियम मला हा वाटतो : चढण्यापूर्वीं दोघांनीं परस्परांची तपासणी करावी. चढणाऱ्याची आठाच्या आकाराची गांठ राखणदारानें पाहावी. राखणदाराचें उपकरण व त्याची कडी चढणाऱ्यानें पाहावी. दोघांचे पट्टे दोघांनीं पाहावे. मग चढणाऱ्यानें 'तयार?' असें विचारावें आणि उत्तर आल्यावांचून पाय उचलूं नये. वीस वर्षांच्या अनुभवी माणसानेंही हें करावें, आणि नवशिक्यानें गांठ तपासूं मागितली तर त्यांत अपमान मानूं नये.

बाकीच्या रीतिभातीही ह्याच बुद्धीच्या आहेत. राखणदाराशीं गप्पा मारूं नयेत. चढणाऱ्याच्या खालून जाऊं नये. अंगठ्या काढून ठेवाव्या, लांब केस बांधावे. दोराविना चढण्याच्या ठेंगण्या भिंतीपाशीं गादीवर बसूं नये, तेथें बाटली किंवा सामान ठेवूं नये. कारण पडणाऱ्याला जागा निवडतां येत नाहीं. स्वतः पडतांना गुडघे वांकवून दोन्हीं पायांवर उतरावें, हात मागें टेकूं नयेत. आणि कोणी न विचारतां वाट सांगूं नये. तें कोडें सोडविण्याचा आनंद ज्याचा त्याला मिळूं द्यावा.

पालकांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मूल घरीं आलें कीं 'किती उंच चढलास?' असें आपण विचारतों. त्यासोबत 'आज दोर कोणाचा धरलास, आणि कसा?' हेंही विचारावें. वर जाण्याची हौस निसर्गतःच असते. दुसऱ्याचा जीव आपल्या मुठींत आहे हें जाणून स्वस्थपणें खालीं उभें राहणें मात्र शिकवावें लागतें, आणि तें शिकविण्याचा प्रसंग ह्या भिंतींनीं आपल्या मुलांना घराजवळ आणून दिला आहे.