आधी वक्र, मग समीकरण

९क्ष² − १६य² − १८क्ष − ६४य − १९९ = ० हे समीकरण दिलं, की तयारीचा विद्यार्थी काही मिनिटांत अपास्ताचं केंद्र, शिरोबिंदू, नाभी आणि अनंतस्पर्शी काढून देतो. त्याच्यासाठी समीकरण आधी आणि वक्र नंतर. इतिहासात मात्र हे उलट घडलं, आणि ते सुलट व्हायला जवळजवळ दोन हजार वर्षं गेली.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक गणिती मेनेक्मस एका घनाच्या दुप्पट घनफळाचा घन शोधत होता. त्या खटपटीत अपास्तासारखे, शंकू कापून मिळणारे वक्र (शंकुच्छेद) पुढे आले. पुढे इ.स.पू. २०० च्या सुमारास पेर्गाच्या अपोलोनियसने शंकुच्छेदांवर आठ खंड लिहिले. टोकाला टोक जोडलेल्या दोन शंकूंना एकच प्रतल कापतं, तेव्हा अपास्ताच्या दोन्ही शाखा मिळतात, हे त्याने मांडलं. दुसऱ्या खंडात अनंतस्पर्शी आल्या. तिसऱ्यात नाभींचा गुणधर्म आला: वक्रावरच्या कोणत्याही बिंदूची दोन नाभींपासूनची अंतरं घ्या, त्यांतला फरक कायम तेवढाच. या बिंदूंना त्याने नावसुद्धा दिलं नव्हतं. ते केप्लरने १६०४ मध्ये, प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात दिलं. हे सगळं समीकरणाशिवाय, निव्वळ आकृती आणि तर्काच्या बळावर झालं. मला त्याचं अजूनही नवल वाटतं.

फर्मा आणि देकार्त यांनी वक्राला समीकरण जोडलं. पण खरा उलटफेर केला जॉन वॉलिसने. १६५५ मध्ये त्याने शंकू बाजूला ठेवला आणि समीकरण हीच वक्राची व्याख्या मानून गुणधर्म त्यातूनच काढले. तत्त्वज्ञ हॉब्सला चिन्हांची ती गर्दी असह्य झाली, त्याने कडक टीका केली. तरी आज आपण शिकतो ती वॉलिसचीच वाट.

आता वरचं समीकरण घेऊ. पूर्ण वर्ग करायचे; ही युक्ती नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने चौकोनाचे रिकामे कोपरे भरून दाखवली होती. मग उरतं ९(क्ष − १)² − १६(य + २)² = १४४, म्हणजेच

(क्ष − १)²/१६ − (य + २)²/९ = १

केंद्र (१, −२). धन पद क्ष चं, म्हणून वक्र डावी-उजवीकडे उघडतो. इथे विवृत्ताची सवय नडते: छेदातली मोठी संख्या नव्हे, धन चिन्ह बघायचं. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून शिरोबिंदू (५, −२) आणि (−३, −२). १६ + ९ = २५, म्हणून नाभी केंद्रापासून ५ अंतरावर: (६, −२) आणि (−४, −२). उजवीकडच्या १ च्या जागी शून्य लिहिलं, की अनंतस्पर्शी मिळतात: य + २ = ±(३/४)(क्ष − १).

तो १ शून्य का करता येतो, हे आकड्यांत बघावं. केंद्रापासून उजवीकडे ४०० एकक जा. वरची अनंतस्पर्शी केंद्राच्या ३०० एकक वर असते, वक्र २९९.९८५. ४००० वर गेलात तर फरक ०.००१५ उरतो. अपोलोनियसने हे एकही आकडा न मांडता सिद्ध केलं होतं: कितीही लहान अंतर सांगा, वक्र आणि रेषा त्याहून जवळ येतात, पण मिळत कधीच नाहीत.